रस, पेशी आणि आधारजाल : मधुमेहावरील उपचारांत प्राणिज स्वादुपिंडाच्या उपयोगाचा इतिहास

१. विषयप्रवेश

बोकडाच्या अंतर्भागातील जे अवयव खाण्यासाठी उपयोगात येतात त्यांची नावे मराठीत जुनी व रुळलेली आहेत. काळीज, गुर्दा, वजडी, पाणथरी हे शब्द खाटकाच्या दुकानातून स्वयंपाकघरात व तेथून सर्वसामान्य बोलीत आले. जठराच्या मागे आडव्या पसरलेल्या, फिकट रंगाच्या व मऊ अशा एका अवयवास मात्र असे घरगुती नाव लाभले नाही. त्यास आज ‘स्वादुपिंड’ म्हणतात. हा शब्द स्वयंपाकघरातून आलेला नसून शरीरशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांनी रूढ केलेला आहे. ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातील डोळखांब, किन्हवली या भागात किंवा शेजारच्या मुरबाड तालुक्यातील खेड्यांत तो ऐकू येतो तो बहुधा दवाखान्यात, आणि तोही घरातील कोणास मधुमेह झाल्याचे निदान झाल्यावर.

लोकव्यवहारात ज्या अवयवास नावही नव्हते, त्याच अवयवाकडे वैद्यकाने गेल्या सव्वाशेहून अधिक वर्षांत तीन निरनिराळ्या दृष्टींनी पाहिले. प्रथम त्यातील रस हवा होता. नंतर त्यातील जिवंत पेशी हव्या झाल्या. आणि अलीकडे पेशी काढून टाकल्यावर मागे राहणारे तंतुमय आधारजाल हवे झाले आहे. प्रत्येक वेळी प्राण्याचा अवयव ‘तयार करणे’ याचा अर्थ त्यातील नको असलेला भाग काढून टाकणे असाच होता. परंतु नको असलेला भाग कोणता, याविषयीचा निर्णय प्रत्येक टप्प्यावर बदलत गेला, आणि एका टप्प्याने जे टाकले तेच पुढील टप्प्यास मोलाचे वाटले. या स्थित्यंतराचा इतिहास येथे मांडावयाचा असून, त्यात पुणे व मुंबई येथील संस्थांचा वाटा कोणता आणि डोळखांबसारख्या घाटपायथ्याच्या गावी राहणाऱ्या रुग्णाच्या दृष्टीने त्याचा अर्थ काय, हेही पाहावयाचे आहे.

२. शब्दांची साक्ष

इतिहासाकडे वळण्यापूर्वी या क्षेत्रातील मुख्य संज्ञा तपासणे इष्ट होईल. कारण शास्त्रज्ञांच्या दृष्टीत झालेले बदल या संज्ञांत उमटलेले आहेत.

‘मधुमेह’ हा शब्द आयुर्वेदाच्या प्राचीन संहितांतून आला. चरक व सुश्रुत या दोन्ही संहितांत प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले असून, मूत्र मधासारखे होणे हे त्यांतील एकाचे लक्षण आहे. सुश्रुतसंहितेत जन्मजात प्रमेह आणि अपथ्यामुळे होणारा प्रमेह असा भेद केला आहे, व पहिल्या प्रकारचा रुग्ण कृश तर दुसऱ्या प्रकारचा स्थूल असतो असेही निरीक्षण नोंदविले आहे. आधुनिक वर्गीकरणाशी ही विभागणी तंतोतंत जुळत नाही. तथापि रोगाची रूपे एकाहून अधिक आहेत ही जाणीव तीत स्पष्ट दिसते. मात्र या रोगाचा संबंध स्वादुपिंडाशी आहे, हे ज्ञान एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे आहे.

‘पेशी’ आणि ‘ऊती’ या जोडीचा इतिहास अधिक उद्बोधक आहे. संस्कृत वैद्यकात पेशी म्हणजे मांसाचा तुकडा किंवा स्नायू. सुश्रुताने मानवी शरीरातील पेशींची संख्या पाचशे सांगितली आहे, ती याच अर्थाने. हिंदीत मांसपेशी हा शब्द आजही स्नायूचाच वाचक असून सूक्ष्म घटकास कोशिका म्हणतात. मराठीने मात्र पेशी हा शब्द सूक्ष्म जीवघटकासाठी योजला. याउलट ‘ऊती’ हा शब्द ‘वे’ म्हणजे विणणे या धातूपासून आला आहे. फ्रेंचमधील ‘टिश्यू’ या शब्दाचा मूळ अर्थही विणलेले वस्त्र असाच होता. आणि ऊतिशास्त्राच्या पाश्चात्त्य नावातील ग्रीक ‘हिस्तोस’ म्हणजे माग अथवा मागावरील वस्त्र. तीन भाषांनी एकच रूपक स्वीकारले, याचे कारण त्या संज्ञेच्या जन्मकाळात आहे. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ बिशा याने १८०० च्या सुमारास शरीरातील एकवीस प्रकारच्या ऊती वर्णिल्या त्या सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्यावाचून. त्याला पेशी दिसत नव्हत्या. दिसत होते ते पटल, तंतू आणि त्यांची वीण.

पुढे श्वान याने १८३९ मध्ये प्राणिशरीर पेशींचे बनलेले असते असे प्रतिपादिले, आणि १८५८ मध्ये फिर्खो याने रोगांचे मूळही पेशींतच शोधावे असे सांगितले. तेव्हापासून शास्त्राचे लक्ष विणीवरून पेशीकडे वळले. विणीचे द्रव्य हे पेशींच्या मधील निव्वळ भरण आहे असा समज दीर्घकाळ टिकला. येथे एक विरोधाभास नोंदविण्यासारखा आहे. १६६५ मध्ये रॉबर्ट हुक याने बुचाच्या कापात जी ‘कोठडी’ पाहिली, आणि जिच्यावरून पाश्चात्त्य भाषांत पेशीस ‘सेल’ हे नाव पडले, ती वस्तुतः रिकामी होती. आतील जीवद्रव्य नष्ट होऊन उरलेल्या भिंतीच त्याला दिसल्या. म्हणजे ज्या वस्तूवरून पेशीला नाव मिळाले ती वस्तू पेशी निघून गेल्यानंतरचे आधारजाल होती.

३. पहिला टप्पा : रस

१८८९ मध्ये स्ट्रासबुर्ग येथे फॉन मेरिंग व मिंकोव्स्की यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले असता त्यास तीव्र मधुमेह होतो असे दाखविले. या अवयवात विखुरलेल्या विशिष्ट पेशीसमूहांचे वर्णन पाउल लांगरहान्स याने त्यापूर्वी, १८६९ मध्ये, आपल्या प्रबंधात केले होते. परंतु त्यांचे कार्य त्याला ठाऊक नव्हते. १८९३ मध्ये लागेस या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्यांना लांगरहान्सची ‘बेटे’ असे नाव दिले, व त्या बेटांतून एखादा अंतःस्राव होत असावा असे सुचविले. बेटास लॅटिनमध्ये ‘इन्सुला’ म्हणतात. ‘इन्सुलिन’ हे नाव याच शब्दावरून, तो पदार्थ प्रत्यक्ष हाती येण्यापूर्वीच, १९०९ मध्ये द मेयर याने सुचविले होते.

हा रस मिळविण्यातील मुख्य अडचण स्वादुपिंडाच्या दुहेरी कार्यात होती. या अवयवाचा बहुतांश भाग पाचकरस निर्माण करतो. बेटांचा भाग सुमारे एक ते दोन टक्केच असतो. अवयव कुटून अर्क काढला की पाचकरस इन्सुलिनचाच नाश करीत. टोरांटो येथे १९२१ मध्ये बॅन्टिंग व बेस्ट यांनी प्रथम कुत्र्यांच्या स्वादुपिंडाच्या नलिका बांधून पाचक भागाचा ऱ्हास घडविला; पुढे वासरांच्या गर्भांचे स्वादुपिंड वापरले, कारण त्यात पाचक भाग अद्याप पुरता कार्यान्वित झालेला नसतो; आणि शेवटी मद्यार्काच्या साहाय्याने कत्तलखान्यातील प्रौढ गुरांच्या स्वादुपिंडातून अर्क काढला. ११ जानेवारी १९२२ रोजी लेनर्ड टॉम्पसन या मुलास दिलेले पहिले इंजेक्शन अशुद्धतेमुळे समाधानकारक ठरले नाही. कॉलिप याने अर्काचे शुद्धीकरण केल्यावर त्याच महिन्यात २३ तारखेस दिलेल्या इंजेक्शनाने स्पष्ट गुण आला.

त्यानंतर सुमारे साठ वर्षे जगातील मधुमेही गुरांच्या व डुकरांच्या स्वादुपिंडावर अवलंबून राहिले. अमेरिकेतील स्मिथसोनियन संग्रहालयाने दिलेल्या हिशोबाप्रमाणे आठ औंस इन्सुलिनसाठी डुकरांचे दोन टनांहून अधिक अवयव लागत. उरलेला सारा भाग टाकाऊ समजला जाई. सॅंगर याने १९५५ पर्यंत इन्सुलिनमधील अमिनो आम्लांचा क्रम निश्चित केल्यावर, डुकराचे इन्सुलिन मानवी इन्सुलिनहून एका आणि गुरांचे तीन अमिनो आम्लांनी भिन्न आहे हे कळले. १९७८ मध्ये जनुकीय तंत्राने जिवाणूंकडून मानवी इन्सुलिन तयार करून घेण्यात यश आले व १९८२ मध्ये ते अमेरिकेत बाजारात आले. महाराष्ट्रात औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथे कारखाना असलेल्या वोकहार्ट कंपनीने २००३ मध्ये ‘वोसुलिन’ या नावाने असे इन्सुलिन विक्रीस आणले. येथवर प्राण्याच्या अवयवाची गरज संपली असे वाटणे स्वाभाविक होते. परंतु इन्सुलिन हा उपचार आहे, रोगमुक्ती नव्हे. रक्तातील साखर क्षणोक्षणी ओळखून तितकाच रस सोडण्याचे काम पेशी करते. बाटलीतील औषध ते करू शकत नाही.

४. दुसरा टप्पा : पेशी

पेशींचे रोपण करण्याची कल्पना इन्सुलिनच्या शोधाहून जुनी आहे. डिसेंबर १८९३ मध्ये इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे वॉटसन-विल्यम्स याने मधुमेहाने मरणोन्मुख झालेल्या पंधरा वर्षांच्या मुलाच्या त्वचेखाली मेंढीच्या स्वादुपिंडाचे तुकडे बसविले. तीन दिवसांत मुलाचा मृत्यू झाला. परक्या प्राण्याची ऊती शरीर का नाकारते, याची उपपत्ती त्या काळी उपलब्ध नव्हती.

बेटे स्वच्छपणे वेगळी काढण्याची रीत १९६५ मध्ये मोस्कालेव्स्की याने गिनीपिगच्या स्वादुपिंडावर दाखविली आणि १९६७ मध्ये लेसी व त्याच्या सहकाऱ्यांनी ती सुधारली. या रीतीचे मुख्य साधन ‘कोलॅजनेज’ हे विकर होते. कोलॅजन या नावातील ग्रीक ‘कोल्ला’ म्हणजे सरस. जनावरांची कातडी व हाडे उकळून सुतारकामाचा सरस होतो तो याच प्रथिनापासून. कोलॅजनेज हा सरस विरघळवितो, त्याबरोबर अवयवाची वीण सुटते, आणि बेटे मोकळी होतात. १९७२ मध्ये बॅलिंजर व लेसी यांनी अशा बेटांच्या रोपणाने मधुमेही उंदरांची स्थिती सुधारल्याचे दाखविले. १९९४ मध्ये स्वीडनमधील ग्रोट व सहकाऱ्यांनी दहा मधुमेही रुग्णांत डुकराच्या गर्भातील बेटांचे रोपण केल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला; काही रुग्णांत ती काही काळ टिकल्याचा पुरावा मिळाला, पण इन्सुलिनची गरज कोणाचीही संपली नाही. २००० मध्ये कॅनडातील एडमंटन येथे शापिरो व सहकाऱ्यांनी मृत मानवी दात्यांची बेटे यकृताकडे जाणाऱ्या शिरेत सोडून सात रुग्णांना इन्सुलिनमुक्त केले. हे यश ऐतिहासिक होते. तथापि प्रत्येक रुग्णास एकाहून अधिक दात्यांची बेटे लागली, प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे कायम घ्यावी लागली, आणि पाच वर्षांनंतर इन्सुलिनविना राहू शकणाऱ्या रुग्णांचे प्रमाण सुमारे दहा टक्क्यांवर आले.

या अपयशाची कारणे शोधताना जे लक्षात आले ते प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. रोपणानंतर पहिल्या काही दिवसांतच निम्म्याच्या आसपास बेटे नष्ट होतात. त्यामागे रक्तपुरवठ्याचा अभाव व शरीराचा विरोध ही कारणे आहेतच. परंतु बेटे मोकळी करताना त्यांच्या भोवतीचे आधारजाल विकराने विरघळवून टाकलेले असते, हेही एक कारण आहे. आधारजालातील कोलॅजन, लॅमिनिन, फायब्रोनेक्टिन ही द्रव्ये पेशीला केवळ टेकू देत नाहीत. पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहकांशी त्यांचा संबंध येतो, आणि त्या संबंधातून पेशीला जगण्याचे व आपले कार्य करण्याचे संकेत मिळतात. तो संबंध तुटला की अनेक पेशी स्वतःहून मरणाची प्रक्रिया सुरू करतात. ज्यास निव्वळ भरण समजून टाकले ते पेशींच्या जीविताची अट होते.

५. पुण्यातील प्रयत्न

या दोन टप्प्यांमधील संधिकालात महाराष्ट्रात पुणे येथे मोलाचे काम झाले. पुणे विद्यापीठाच्या परिसरातील राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र ही संस्था केंद्र शासनाच्या जैवतंत्रज्ञान विभागाने स्थापन केली. तिचे आरंभीचे नाव प्राणी-ऊती व पेशी संवर्धनाची राष्ट्रीय सुविधा या अर्थाचे होते. म्हणजे ऊती आणि पेशी हे दोन्ही शब्द तिच्या पहिल्या नावात एकत्र नांदत होते. येथे रमेश भोंडे यांच्या प्रयोगशाळेने १९९० च्या दशकापासून स्वादुपिंडातील बेटांवर सातत्याने संशोधन केले.

या प्रयोगशाळेपुढील प्रश्न असा होता की, परकी बेटे शरीरात ठेवावयाची, पण शरीराच्या संरक्षक पेशींना त्यांच्यापर्यंत पोहोचू द्यावयाचे नाही, हे कसे साधावे? १९८० मध्ये लिम व सन यांनी बेटे सागरी शैवालापासून मिळणाऱ्या द्रव्याच्या सूक्ष्म आवरणात बंद करण्याची युक्ती प्रसिद्ध केली होती. आवरणाची छिद्रे अशी हवीत की साखर, प्राणवायू व इन्सुलिन यांची ये-जा व्हावी आणि संरक्षक पेशींना मात्र मज्जाव व्हावा. १९९९ मध्ये आनंदवर्धन हर्डीकर, मकरंद रिसबूड व भोंडे यांनी अशी सूक्ष्म आवरणे तयार करण्यासाठी एका साध्या यंत्ररचनेचे वर्णन बंगळूर येथील शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. पुढे रिसबूड व भोंडे यांनी कायटोसान या द्रव्यापासून केलेल्या जेलींची, तसेच सेल्युलोजच्या पटलांची, या कामासाठी योग्यता तपासली. कायटोसान हे कोळंबी व खेकडे यांच्या कवचांपासून मिळते. २००६ मध्ये कोंबडीच्या पिलांच्या बेटांचा उपयोग औषधांच्या चाचणीसाठी करता येतो, असेही या प्रयोगशाळेने दाखविले. नंतरच्या काळात नाळ, वार, मेद यांतील मूलपेशींपासून इन्सुलिन निर्माण करणारे पेशीसमूह घडविण्याकडे तिचे लक्ष वळले.

या कामाचे स्वरूप नीट पाहिले तर त्यात दोन दिशा दिसतात. एक, पेशींचा नवा स्रोत शोधणे. दुसरी, त्या पेशींना राहण्यासाठी योग्य परिसर घडविणे. कवचांतून काढलेले कायटोसान काय किंवा सेल्युलोजचे पटल काय, ही पेशींसाठी बांधलेली परकी घरे होती. पेशींचे मूळचे घरच परत देता येईल काय, हा पुढचा प्रश्न या प्रयत्नांतून क्रमाने निष्पन्न होतो.

६. तिसरा टप्पा : आधारजाल आणि त्याची सिद्धता

अवयवातील सर्व पेशी काढून केवळ त्याची वीण शिल्लक ठेवण्याच्या प्रक्रियेस ‘डीसेल्युलरायझेशन’ म्हणतात. मराठीत तिला ‘पेशीनिरसन’ म्हणता येईल. ही कल्पना सर्वस्वी नवी नाही. मेंढीच्या आतड्याची आतील त्वचा खरवडून, धुऊन, पिळून केलेली तांत पिंजाऱ्याच्या धनुकलीस व तंतुवाद्यांस वापरली जाई; शस्त्रवैद्यांनी तिचा उपयोग जखम शिवण्याकडेही केला. सुश्रुताने शिवणासाठी सांगितलेल्या द्रव्यांतही सण, जवस यांच्या धाग्यांबरोबर स्नायू, म्हणजे प्राण्याचा स्नायुतंतू, येतो. तांत करणारा कारागीर पेशी काढून कोलॅजनची वीण ठेवीत होता, हे आज म्हणता येते. अमेरिकेत बॅडिलॅक व सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये कृत्रिम रक्तवाहिनीसाठी वापरले ते द्रव्यही लहान आतड्याच्या याच थरातून, म्हणजे तांतीच्या कच्च्या मालातून, तयार केले होते.

२००८ मध्ये ऑट, टेलर व सहकाऱ्यांनी उंदराच्या संपूर्ण हृदयातील पेशी रक्तवाहिन्यांच्या मार्गाने द्रव सोडून धुऊन काढल्या, आणि हृदयाचा आकार व वाहिन्यांचे जाळे जसेच्या तसे राखले. २०१३ मध्ये हीच रीत स्वादुपिंडास लावण्यात आली. गोह व सहकाऱ्यांनी उंदराच्या, तर मिर्मालेक-सानी व सहकाऱ्यांनी डुकराच्या स्वादुपिंडाचे पेशीनिरसन करून त्या आधारजालात नव्या पेशी रुजविल्या.

प्रक्रियेची रूपरेषा पुढीलप्रमाणे आहे. प्राणी मारल्यावर स्वादुपिंड शक्य तितक्या लवकर काढून थंड ठेवतात. अन्य अवयवांपेक्षा येथे घाई अधिक असते, कारण इन्सुलिनच्या वेळी आड आलेले पाचकरस याही वेळी आड येतात. अवयव स्वतःलाच पचवू लागतो. म्हणून ते रस रोखणारी द्रव्ये मिसळावी लागतात. नंतर गोठविणे व वितळविणे यांच्या आवर्तनांनी पेशींची पटले फोडतात, अथवा ट्रायटन एक्स-१००, सोडियम डोडेसिल सल्फेट यांसारखी साबणासारखी द्रव्ये वाहिन्यांतून तासन् तास वाहू देतात. मागे राहिलेले जनुकद्रव्य विकराने तोडून काढतात. मेद पुष्कळ असल्यास तोही काढावा लागतो. मग पुनःपुन्हा धुतात. कारण साबणद्रव्याचा अंश राहिला तर तो पुढे रुजविलेल्या पेशींनाच मारतो. शेवटी पांढरट, अर्धपारदर्शक जाळे उरते. ते अखंड वापरता येते, किंवा गोठवून वाळवून त्याची पूड करता येते. पेप्सिनने पचविलेल्या पुडीपासून असा द्रव होतो की जो शरीराच्या उष्णतेस, ३७ अंश सेल्सियसला, जेलीसारखा घट्ट होतो.

पेशी पुरेशा निघाल्या हे कशावरून ठरवावे? २०११ मध्ये क्रेपो, गिल्बर्ट व बॅडिलॅक यांनी सुचविलेली कसोटी सर्वत्र वापरली जाते. एक मिलिग्रॅम कोरड्या आधारजालात दुपदरी डीएनए ५० नॅनोग्रॅमहून कमी असावा, त्याचे तुकडे २०० बेसजोड्यांहून लहान असावेत, आणि रंगविलेल्या कापात केंद्रकाचे द्रव्य दिसू नये. या कसोटीत मूळ पेच दडलेला आहे. धुणे कमी पडले तर परक्या प्राण्याच्या खुणा राहतात व शरीर विरोध करते. अधिक झाले तर लॅमिनिन व वृद्धिकारक द्रव्ये वाहून जातात आणि ज्यासाठी हा खटाटोप केला तेच हातचे निसटते. डुकराच्या ऊतीत ‘अल्फा-गॅल’ ही शर्करा असते. मानवी रक्तात तिच्याविरुद्ध प्रतिपिंडे आधीच असल्याने ती काढणे किंवा ती नसलेल्या जातीचे डुक्कर वापरणे आवश्यक ठरते.

मधुमेहासाठी असे आधारजाल अद्याप प्रयोगशाळेच्या व प्राणिप्रयोगांच्या अवस्थेत आहे. त्याच काळात पेशींचा स्रोत मात्र झपाट्याने सुधारला. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत मूलपेशींपासून घडविलेल्या बेटांची पूर्ण मात्रा मिळालेल्या बारा रुग्णांपैकी दहा एका वर्षानंतर इन्सुलिनमुक्त होते. ही बेटेही यकृताकडील शिरेतच सोडली होती व प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे चालू होती. पेशींची वानवा दूर होत असता त्यांना योग्य घर नाही, अशी आजची स्थिती आहे.

७. सिद्धतेची भारतीय साधने

पेशीनिरसनाची कला भारतास अपरिचित राहिलेली नाही. तिरुवनंतपुरम येथील श्री चित्रा तिरुनाळ संस्थेत टी. व्ही. अनिलकुमार व सहकाऱ्यांनी डुकराच्या पित्ताशयाचे पेशीनिरसन करून जखमांवर लावण्याचे ‘कोलेडर्म’ हे पटल विकसित केले. २०२३ मध्ये त्यास केंद्रीय औषध नियंत्रकाची मान्यता मिळाली.

मुंबईत या प्रक्रियेच्या शेवटच्या पायरीची, म्हणजे वाळविणे व निर्जंतुकीकरण यांची, परंपरा त्याहून जुनी आहे. तुर्भे येथे भाभा अणुसंशोधन केंद्राच्या छत्राखाली ‘आयसोमेड’ हा प्रकल्प १९७४ मध्ये सुरू झाला. कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांनी वैद्यकीय वस्तू निर्जंतुक करणे हे त्याचे कार्य. १९८८ मध्ये टाटा स्मारक रुग्णालयात ऊतिपेढी स्थापन झाली, आणि तेथे मानवी अस्थी व गर्भवेष्टन गोठवून वाळवून, गॅमा किरणांनी निर्जंतुक करून रुग्णांसाठी साठविण्यात येऊ लागले. अशा वाळविलेल्या ऊतीस शीतपेटीची गरज नसते. दात्याची ऊती धुणे, वाळविणे, तपासणे, तिची नोंद ठेवणे आणि मागणीप्रमाणे पुरविणे ही सर्व शिस्त मुंबईत या पेढीने बसविली आहे. प्राणिज आधारजालाचे उत्पादन उद्या महाराष्ट्रात करावयाचे झाले तर त्याचा पाया या कामात सापडेल.

कच्च्या मालाचा विचार करता येथे कायद्याची मर्यादाही लक्षात घ्यावी लागते. १९७६ च्या अधिनियमाने राज्यात गोहत्येस बंदी होती. त्यात केलेल्या व २०१५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या सुधारणेने बैल व वळू यांच्या कत्तलीसही बंदी आली. म्हैस, शेळी, मेंढी व डुक्कर हे स्रोत उरतात. जगातील बहुतेक प्रयोग डुकरावर झाले असले तरी, शेळीमेंढीचा विचार महाराष्ट्रात अधिक गांभीर्याने होणे युक्त ठरेल. त्यास व्यावहारिक कारण आहे आणि पुढे येणारे सामाजिक कारणही आहे.

८. डोळखांबवरून पाहता

शहापूरहून पूर्वेकडे सह्याद्रीच्या पायथ्याशी जाणाऱ्या रस्त्यावर डोळखांब आहे. कुणबी, आगरी यांच्या गावांबरोबर महादेव कोळी, ठाकूर, कातकरी यांचे पाडे या परिसरात विखुरलेले आहेत. गावी प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. त्यावरील उपचारांसाठी शहापूर, आणि विशेषज्ञांसाठी ठाणे किंवा मुंबई गाठावी लागते. पहिल्या प्रकारचा मधुमेह झालेल्या मुलास रोज अनेकदा इन्सुलिन टोचावे लागते, आणि न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सियस तापमानात ठेवावे लागते. ज्या घरी शीतकपाट नाही तेथे ओल्या वाळूतील मडक्यात बाटली ठेवण्याचा सल्ला दिला जातो. रसाच्या टप्प्यातील शंभर वर्षांचे यश या मडक्यापाशी येऊन थांबते.

पेशींचा टप्पा या दृष्टीने अधिक दूरचा आहे. जिवंत बेटे काही दिवसांत वापरावी लागतात, आणि त्यानंतर आयुष्यभर घ्यावयाच्या औषधांसाठी वारंवार रक्ततपासणी व जंतुसंसर्गावर सतत नजर लागते. आरोग्य केंद्रापासून काही कोस दूरच्या पाड्यावर ही देखरेख आजच्या स्थितीत शक्य नाही. वाळविलेले आधारजाल मात्र फळीवर टिकते, दूरवर नेता येते, आणि पेशींचे आयुष्य वाढवून रोपणांची संख्या घटवू शकते. प्रतिकारशक्ती दडपणाऱ्या औषधांची मात्रा त्याने किती कमी होईल, यावरच त्याचा ग्रामीण उपयोग ठरेल. संशोधनाचे मूल्यमापन करताना हा निकष शर्करेच्या आलेखाइतकाच महत्त्वाचा मानला पाहिजे.

दुसरी गोष्ट भाषेची आहे. वैद्यकीय चाचणीसाठी रुग्णास समजेल अशा भाषेत माहिती देऊन संमती घेणे २०१९ च्या नियमांनी बंधनकारक आहे. ‘पेशीविरहित सूकर-ऊतीचे रोपण’ हा शब्दसमूह शास्त्रदृष्ट्या निर्दोष असला तरी डोळखांबच्या रुग्णास त्यातून काही उमगणार नाही. पेशी या शब्दाचा त्याच्या व्यवहाराशी संबंध नाही, ऊतीचा तर नाहीच. ठाकूर, कातकरी, वारली यांच्या बोलींचे ठाणे जिल्ह्यातील नमुने ग्रिअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाच्या १९०५ च्या सातव्या खंडात नोंदविले गेले. त्यानंतरच्या शतकात या बोलींत आरोग्यविषयक शब्दांचा संग्रह करण्याचे काम अल्पच झाले आहे. ‘डुकराच्या आतल्या अवयवातले मांस धुऊन काढून उरलेली जाळी’ असे सांगितले तर अर्थ पोहोचतो. पण लगेच प्रश्नही उभा राहतो की, मांस निघाले तरी ती जाळी डुकराचीच ना? मुसलमान रुग्ण, माळकरी वारकरी, शाकाहारी कुटुंब हाच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारील. डीएनए ५० नॅनोग्रॅमहून कमी आहे, हे त्याचे उत्तर नव्हे. प्राण्याचे नाव झाकणारी संज्ञा योजून संमती मिळविणे तर सर्वथा अनुचित होय. प्राणी कोणता, काय काढले, काय राहिले, या तीन गोष्टी रुग्णाच्या बोलीत स्पष्ट सांगता येणे हा या उपचाराच्या सिद्धतेचाच भाग समजला पाहिजे. शेळीमेंढीचे आधारजाल या प्रश्नांपैकी काहींची धार कमी करू शकेल. माळकऱ्याचा व शाकाहाऱ्याचा प्रश्न मात्र तसाच राहील.

शहापूर तालुक्यास एकमार्गी पुरवठ्याचा अनुभव नवा नाही. १८९२ मध्ये पूर्ण झालेल्या तानसा धरणाचे आणि नंतरच्या भातसा धरणाचे पाणी मुंबईस जाते, आणि त्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. शेळ्या याच खेड्यांत पाळल्या जातात. त्यांचे अवयव उद्या शहरातील प्रयोगशाळेस हवे झाले, तर त्यांपासून झालेला उपचार घाटपायथ्यास परत येण्याची व्यवस्था आरंभीच ठरविली पाहिजे.

रस, पेशी आणि आधारजाल या तीन टप्प्यांचा हा इतिहास पाहता एक गोष्ट निश्चितपणे म्हणता येते. प्रत्येक टप्प्याने अवयवाचा एक भाग उचलून उरलेला टाकला, आणि टाकलेल्या भागाचे मोल कळण्यास दर वेळी अनेक वर्षे जावी लागली. आधारजालाच्या टप्प्यावर असा टाकाऊ समजला जाण्याचा धोका एखाद्या द्रव्यापेक्षा उपचाराच्या परिसराला अधिक आहे : रुग्णाचे गाव, त्याची भाषा आणि त्याचा होकार. पेशीला घर लागते, हे शास्त्राने सव्वाशे वर्षांनी मान्य केले. उपचारालाही ते लागते, हे मान्य करण्यास तितका काळ जाऊ नये.